हरळीवर मांडव नको

आक्का, तुला पोचवून मंडळी परतली त्याच आठवड्यात चेअरमनसाहेबांनी मला शाळेच्या ऑफिसात बोलावून घेतलं आणि सांगितलं, की तुझी शोकसभा रविवारी मैदानावर घ्यायची. मोठा मांडव, खुर्च्या, माईक, बेळगावहून पाहुणे. "बाईंनी त्या मैदानासाठी जीव टाकला. मग सभा तितंच पायजे न्हवं?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम लक्षात आलं, की भाद्रपद चाललाय. म्हणजे मैदान बंद. म्हणजे तुझ्याच नियमाने तुझ्या सभेला तिथे पाऊल टाकता येत नाही.

मला हसू आलं. खरंच आलं. तोंडावर पदर धरला तर साहेबांना वाटलं मी रडतेय, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पाणी पिता पिता मग खरोखरच रडू आलं, आणि या सगळ्यात 'तिथे मांडव नको' हे सांगायचं राहूनच गेलं. ते सांगायला मला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. तेव्हापासून जे चालू आहे त्याने मी दमून गेलेय, आक्का. दुःख करायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. ती या भांडणात गेली.

आणि भांडण कुणाच्या बाजूने, तर तुझ्या! हे तुला बघायला मिळायला हवं होतं.

नियम तुझा होता, माझा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंत मैदानावर कोणी जायचं नाही. पोरींनी नाही, मास्तरांनी नाही, पंधरा ऑगस्टच्या परेडनेही नाही. पावसात हरळीचे वेल सुटतात, पेरापेराला मूळ धरतात, त्या दिवसांत तिच्यावर नाचलात तर पुढे वर्षभर बोंब, असं तू सांगायचीस. आणि मी, खेळाची बाई, दर वर्षी त्यावरून तुझं डोकं खायची. दिवाळी झाली की चिकोडीला सामने. दसऱ्याला कुलूप काढून पोरींची तयारी कधी व्हायची? "गवत पुढच्या पावसात परत येतं, आक्का," मी म्हणायची, "दहावीची पोरगी परत येत न्हाई. तिचं लग्न होतं." तू चष्मा काढून पदराला पुसायचीस, परत घालायचीस, आणि म्हणायचीस, "दसऱ्यानंतर, शालन."

ज्यांनी आपल्याला स्टाफरूममध्ये भांडताना ऐकलं त्यांना वाटायचं, गवतावरून काय एवढं? दोन शहाण्या बायका, त्यातली एक जीवशास्त्राची, आणि वाद कसला तर गुरांच्या चाऱ्याचा. पण त्यातल्या कुणी आपल्या पोरींचे गुडघे पाहिले नव्हते.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी निपाणीच्या या शाळेत लागले. कोल्हापूरहून ट्रेनिंग करून आलेली, डोक्यात सॉफ्टबॉलचं खूळ. बॅट दोन, ग्लोव्ह्ज उसने, बेस म्हणून भुसा भरलेली पोती. आणि मैदान म्हणजे नुसता मुरूम. पोरगी पळत येऊन बेसवर घसरली की गुडघ्याची साल निघायची, कोपर सोलायचं. मुलांच्या शाळेत त्याचं कौतुक होतं. आपल्या पोरींच्या घरी त्यावरून लग्न अडतं. एकेक आई पोरीचा हात धरून यायची, सलवार गुडघ्यावर सरकवून दाखवायची आणि म्हणायची, "बाई, ह्ये बगा. उद्या बगायला पावनं आल्यावर काय सांगू?" झालं, पोरगी बंद. अभ्यासाला पाठवीन, पण खेळायला नाही. जूनमध्ये भरलेली टीम संक्रांतीपर्यंत अर्धी व्हायची. त्या आयांना मी काय बोलणार? माझी आई वखारीत तंबाखू निवडून मला शिकवत होती तेव्हा तिनेही हेच म्हटलं असतं.

तू हे सगळं खिडकीतून बघायचीस. तू इंदूबाई, मी शालनबाई, तुझी माझी तेव्हा 'अहो बाई' एवढीच ओळख. एक दिवस वह्या तपासता तपासता मान वर न करता म्हणालीस, "मुरमावर पोरी सोलून निघायच्याच. गवत लावा की." मी म्हटलं, गवत कुठून आणू? तर म्हणालीस, "आमच्या रानात लई हाय. अण्णा काढून काढून वैतागलाय."

आणि खरंच आणलंस. तुझ्या गावाहून, सदलग्याहून, बसच्या टपावर, ओल्या पोत्यांतून. कंडक्टरने पोती खाली उतरवताना विचारलं, "एन्री अक्कार, हुल्लू?" तू कानडीत त्याला ठणकावून सांगितलंस की हो, गवतच आहे, आणि पुढच्या शनिवारी अजून येणार आहे. तुझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी, म्हणे कपाळाला हात लावला होता. "आमच्या आज्यापास्नं हरळी काढून काढून कंबरडं मोडलं, आन् ही मास्तरीण ती पोत्यानं न्यायली!" पोरींनी विळ्याने हरळीचे बोटाएवढे तुकडे केले आणि भुरभुर पावसात ओळीने लावले. त्या दिवशी घरी जाताना तू माझ्या ओट्यावर टेकलीस. आमच्या बौद्ध गल्लीत सदलग्याची बाई चहाला थांबली म्हणून शेजारच्या दोघीतिघी डोकावून गेल्या. तू दुसरा कप मागून घेतलास. आईने विचारलं, "तुमास्नी काय म्हणायचं?" तू म्हणालीस, "आक्का म्हणा की." आई तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी! तिने तुला शेवटपर्यंत बाईच म्हटलं, मी मात्र त्या दिवसापासून आक्का म्हणायला लागले, आणि 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते कळलं नाही.

दुसऱ्या वर्षीचं श्रमदान आठवतंय? ते आठवून तू मरेपर्यंत हसलीस. अर्ध्या मैदानावर हरळी धरली होती, पण तिच्यात रानाचं काय काय उगवलं होतं. तू म्हणालीस, आयांना बोलवू, तण काढून घेऊ. मी आईला सांगितलं, आईने वखारीत सांगितलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्या खुरपी घेऊन हजर. हयातभर भांगलण केलेल्या बायका, आपण त्यांना काय शिकवायचं? आपण दोघी त्यांच्यासाठी चहा आणि पोहे करायला शाळेत गेलो. परत आलो तर बायकांनी ओळीने पात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदान खुरपलेलं. हरळीची एक काडी नव्हती. पार मुळासकट, खणून खणून काढली होती आणि कडेला तिचा व्यवस्थित ढीग रचला होता. बाकीचं गवत, म्हणजे जे तण आपल्याला नको होतं, ते तसंच उभं. आई घाम पुसत पुढे आली. "बगा बाई, येक मूळ ठिवलं न्हाई. हरळी म्हंजी लई वंगाळ. तुकडा ऱ्हायला तर परत उठती."

तू चहाची किटली खाली ठेवलीस आणि ढिगाकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता ही बसते रडायला. तू म्हणालीस, "लई चांगलं काम केलंसा." आणि सगळ्यांना पोहे वाढलेस. दोनदोनदा वाढलेस. त्या गेल्यावर आपण दोघी त्या ढिगाशेजारी बसून पोट दुखेस्तोवर हसलो. पुढच्या सुट्टीला तू त्यांना परत बोलावलंस, तीच हरळी परत लावायला, आणि या वेळी सबंध मैदानभर. आई म्हणाली, "हरळी लावायची? शालन, बाईंचं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?" पण लावली. ज्या हातांनी मुळापासून काढली त्याच हातांनी लावली, आणि त्या बायकांनी एकदा लावलेलं काय उगवायचं राहतं? त्या पावसात मैदान हिरवं झालं. त्यानंतर एकाही आईने पोरीचा गुडघा मला दाखवला नाही. आता त्या येऊन गवत बघून जायच्या, "लागलं न्हवं नीट?" म्हणून.

मग सुरू झाली आपली दर वर्षाची वेठ. मी तिला वेठच म्हणायची, तू 'काम' म्हणायचीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत साऱ्या शाळेतले लोक गावाला, आणि आपण दोघी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शिपायाशी हुज्जत घालत. वळीव पडला की नदीचा गाळ मागवायचा, चाळायचा, पसरायचा. मृगानंतर दगडी रूळ फिरवायचा. तो रूळ ओढायला आख्खी नववी लागायची. पावसात कुलूप. दसऱ्याला विळ्याने कापणी, आणि कापलेली हरळी न्यायला म्हैस पाळणारी शिपायाची बायको हजर. ती म्हैस आपल्या मैदानावर पोसली, दूध मात्र आपल्याला विकतच. थंडीत सकाळी दव असेपर्यंत पोरींना सोडायचं नाही, कारण ओल्या गवतावर पाय सटकतो. उन्हं वर आली की खेळ. शिमग्यापर्यंत सगळं पिवळं पडायचं आणि तू रोज संध्याकाळी ते पिवळेपण बघत फेरी मारायचीस, घरातल्या आजारी माणसाकडे डोकावावं तशी. मी म्हणायची, "मेलं न्हाई ते, झोपलंय." तू म्हणायचीस, "ठाऊक हाय. मीच शिकवते पोरींना." तरी दुसऱ्या दिवशी परत फेरी.

चिकोडीचे एक अधिकारी तपासणीला आले होते. ते कागद बघायला आलेले, मैदान बघत उभे राहिले. "भाळ छलो ऐती," म्हणाले, फार छान आहे म्हणून. तू त्या दिवशी आठवीला जो पाठ शिकवलास तो म्हणे फारच रंगला.

कधी कधी मला तुझा रागही यायचा, हे तुला ठाऊक होतं. एखाद्या वर्षी पोरी इतक्या तयार असायच्या, भाद्रपदातच हातांत खाज सुटलेल्या, आणि तू कुलपाची किल्ली पदराला बांधून वर्गावर. मी त्यांना शाळेच्या अंगणात फरशीवर चेंडू टाकायला लावायची. एकदा तुझ्यासमोरच पोरींना म्हटलं, "हे मैदान तुमच्यासाठी न्हाई, गवतासाठी हाय." तू दोन दिवस डबा एकटी खाल्लास. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात ठेवून गेलीस आणि वर म्हणालीस, "नियम त्योच." असली माणसं असतात कुठे? नसतातच आता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात चेअरमनसाहेबांच्या मुलीचं लग्न मैदानावर झालं. तेव्हा तू अडवलं नाहीस. मुलीचं लग्न आहे, नाही कसं म्हणायचं, म्हणालीस. डाव्या बाजूला मांडवाचे खड्डे, आचाऱ्यांच्या चुली, भांड्यांचे ट्रक. डावीकडची सगळी हरळी गेली. मुरूम वर आला. हिवाळ्यात तिकडे चेंडू अडवायला सुनंदा झेपावली आणि गुडघ्यापासून खाली सोलली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एक आई पोरीचा हात धरून शाळेत आली. सुनंदासारखा झेल घेणारी पोरगी मी दुसरी पाहिली नाही. ती आता वखारीत जाते.

यंदा मृग लागल्या लागल्या तू डावी बाजू परत लावलीस. तेव्हाच तुझे डोळे पिवळे दिसत होते. मी म्हटलं, दवाखान्यात चल. तू म्हणालीस, ऊन लागलंय. पावसात कुठलं ऊन, आक्का? कावीळ अंगात मुरली तरी तू ओणवी होऊन तुकडे लावत होतीस. बेळगावला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला तुझ्यावर ओरडायचं होतं. भेटायच्या वेळेत तू झोपलेली असायचीस, आणि जागी असलीस की मलाच धीर द्यायचीस. ओरडायचं राहिलं. अजून राहिलंय.

आता कळलं ना, मी साहेबांना नाही का म्हटलं ते? डावीकडे पोपटी कोवळी हरळी नुकती धरू लागलीय. वर भाद्रपदातली ओली माती. त्यात खड्डे, खुर्च्या, एवढी माणसं. सभा तासाभराची, आणि सबंध हंगाम गेला. टीममध्ये विमल आहे, शकू आहे, दहावीच्या चौघी आहेत. पुन्हा मुरूम, पुन्हा गुडघे, पुन्हा दारात आया. हे सगळं मी साहेबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, माणूस मोठं का गवत मोठं?"

याला काय उत्तर द्यायचं, सांग. तू असतीस तर चष्मा पुसला असतास. माझ्याकडे चष्मा नाही. मी म्हटलं, "आक्का असत्या तर त्यांनी दसऱ्यापर्यंत कुणाला पाऊल टाकू दिलं नसतं." ते म्हणाले, "आता त्या न्हाईत न्हवं." ते वाईट हेतूने बोलले नव्हते. त्यांना तुला मनापासून मोठं करायचं होतं.

मग गावात सुरू झालं. शालनबाईंचं आणि इंदूबाईंचं कधी पटलंच नाही. रोज भांडायच्या. मेल्यावरसुद्धा जागा देईना. आईला वखारीत कुणीतरी विचारलं, ती घरी येऊन म्हणाली, "सोड की गं. त्येंचं मैदान, त्येंची सभा." मी म्हटलं, "आई, तू लावलीयास ती हरळी." मी सगळ्यांना तेच एक सांगत होते, आक्का असती तर, आक्का असती तर. दहा वर्षं ज्या नियमाला शिव्या घातल्या तोच आता पाठ केल्यासारखा म्हणत होते. तुझं बोलणं माझ्या तोंडात, आणि समोर माझंच बोलणं बोलणारं कोणी नाही.

शनिवारी दुपारी बांबू येणार म्हणून कळलं. मी किल्ली घेऊन गेटाशी जाऊन उभी राहिले. ट्रक आला तर काय करणार होते, देव जाणे. ट्रकच्या आधी तुझे अण्णा आले. बसमधून उतरून तसेच, धोतराला चिखल, डोळे सुजलेले. साहेबांनी त्यांना सांगितलं असणार. मला वाटलं, आता हे मला बोलतील, आणि त्यांनी बोलावंच. बहिणीच्या सभेला जागा अडवणारी मी कोण?

ते म्हणाले, "किल्ली हाय?"

मी कुलूप काढलं. अण्णांनी चपला बाहेर काढल्या, मी न सांगता. चालत डावीकडे गेले आणि नव्या लावणीच्या कडेला उकिडवे बसले. मग हात पुढे गेला आणि हरळीतून एक लव्हाळा उपटला. मग दुसरा. बोटाने माती कोरून, गाठीसकट, हरळीच्या वेलाला धक्का न लावता. मलाही दारात उभं राहवेना. मीसुद्धा जाऊन शेजारी बसले आणि काढायला लागले. भाद्रपदात, कुलपाच्या दिवसांत, मी पहिल्यांदाच आत गेले होते.

"लई भांडत हुता म्हनं तुमी दोगी," अण्णा म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"घरी आली की तुजंच सांगायची. शालन आसं म्हणती, शालन तसं म्हणती. एकडाव मी म्हटलं, आगं मग उघड की मैदान पोरीस्नी. तर म्हणाली, शालनचंच खरं हाय, अण्णा. पोरी परत येत न्हाईत. पर तिला सांगितलं तर डोक्यावर बसंल." त्यांनी हातातला लव्हाळा मागे टाकला. "यंदा उजवीकडचं लवकर उघडणार हुती. धाव्वीच्या पोरींसाठनं. मला म्हणालती, ह्या खेपंला तिचं ऐकायचं. तुला बोलली न्हाई?"

नाही. मला बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी नक्की डोक्यावर बसले असते, गावभर सांगत सुटले असते की आक्का हरली. पण सांगायचं होतंस गं. मी आठवडाभर साऱ्या निपाणीला ओरडून सांगत होते की आक्का दसऱ्यापर्यंत कुणाला पाऊल टाकू देणार नाही, आणि तू केव्हाच माझ्या बाजूला येऊन बसली होतीस. मी मातीत तोंड खुपसून रडले. अण्णा काढतच होते. त्यांच्याही नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं, पण हात थांबला नाही.

तेवढ्यात बांबूचा ट्रक गेटाशी आला. वरचा माणूस ओरडला, मांडव कुठून सुरू करायचा म्हणून. मी उठायच्या आत अण्णा उठले. मातीचे हात तसेच.

"सभा शाळंत घ्या," ते म्हणाले. "हितं काम चाललंय."

"चेअरमनसाहेबांनी सांगितलंय की."

"तिचा भाऊ सांगतोय म्हणावं."

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने गेटाचा खांब जरा वाकवला. तो दुरुस्त करायला हवा. अण्णा परत येऊन बसले, आणि आम्ही ती पात पुरी केली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. माणसं मावली नाहीत, आया व्हरांड्यात बसल्या, आई सगळ्यांच्या पुढे. साहेब आले, नाराज होते, पण चांगलं बोलले. तुला त्यागमूर्ती म्हणाले. तुला हसू आलं असतं. मला बोलायला उठवलं. मी म्हटलं, इंदूबाई अतिशय हट्टी होत्या, आणि पुढे काही सुचेना, म्हणून खाली बसले. अण्णांनी मान हलवली, एवढं बरोबर बोललीस अशी.

दसऱ्याला अजून अवकाश आहे. डावीकडे मी सुतळी बांधून घेतलीय, तिकडे कुणी जाणार नाही. उजवीकडे उद्या सकाळी विमल, शकू आणि बाकीच्या येणार आहेत. मीच बोलावलंय. आज शाळेत सांगितलं तर पोरींना खरं वाटेना. विमलने विचारलं, "बाई, आत्ताच? इंदूबाई रागवतील की." आणि मग तिचं तिलाच कळलं आणि ती खाली बघायला लागली.

इतकी वर्षं जे मागत होते ते उद्या मिळेल. पोरी भाद्रपदात हिरव्यागार हरळीवर पळतील. मला फार आनंद व्हायला पाहिजे. पण आज दिवसभर मी शाळेत उगाच सगळ्यांना सांगत हिंडतेय, उद्या मैदान उघडणार आहे, उद्या मैदान उघडणार आहे. सगळे बरं म्हणतात. एकानेही मला नको म्हटलं नाही, आक्का.